दोन भाषांत नांदणारे नाव

ध्वनिव्यवस्थेचा विचार बारशाच्या वेळीही उपयोगी पडतो. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचे उदाहरण घेऊ. १८१० साली हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेले. राज्यकारभार पुढे इंग्रजीत आला, तरी समाजव्यवहारात फ्रेंच टिकून राहिली. त्यामुळे तेथे ठेवलेले नाव रोमन लिपीत दोन्ही भाषांच्या रीतीने वाचले जाते.

‘रोहन’ घ्या. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारला जात नाही आणि अंती येणारा ‘अन’ अनुनासिक स्वर होतो. म्हणून फ्रेंच वाचकाच्या तोंडी ‘रोआँ’ येते. (गंमत अशी, की फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील एका जुन्या सरदार घराण्याचे नावही असेच लिहितात.) ‘चारू’चा ‘च’ तेथे ‘श’ होतो. ‘माया’ मात्र दोन्हीकडे शाबूत राहते.

तरीही दोन्हीकडे तंतोतंत उतरेल तेच नाव ठेवावे, हा आग्रह मला पटत नाही. त्यापायी ळ, ण, ध, भ असलेली नावे बाद होतील. आणि आजीने मारलेली हाक हीही एक कसोटीच आहे.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर हाच प्रश्न लेखनात दिसतो. तेलुगूभाषक ‘लता’ रोमन लिपीत ‘टी-एच’ घालून लिहितात. मराठी वाचक ते ‘लथा’ वाचतो.

स्वाध्याय : अर्धापूर परिसरातील ‘ळ’, ‘ण’ किंवा ‘ज्ञ’ असलेली तीन नावे निवडा. उर्दूभाषक शेजाऱ्यांच्या तोंडून ती ऐका आणि उच्चारातील फरक नोंदवा.