न पोहोचलेली वस्तू आणि ग्राहकाचा हक्क

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या रहिवाशाने घरबसल्या मागणी नोंदवावी, मूल्य आगाऊ भरावे आणि ठरल्या दिवशी वस्तू मात्र येऊ नये, हा अनुभव आता अपवादात्मक राहिलेला नाही. विक्रेता परराज्यात, मध्यस्थ कंपनीचे कार्यालय तिसऱ्याच शहरात. आठशे-हजार रुपयांसाठी दाद मागावी तरी कोठे, या विचाराने अनेक ग्राहक नुकसान मुकाट्याने सोसतात. वास्तविक कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे.

दाद स्वतःच्याच जिल्ह्यात

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, प्रतिपक्षाचे कार्यालय असेल किंवा तक्रारीचे कारण घडले असेल, तेथेच तक्रार करावी लागे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ अन्वये ग्राहक जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्याचे आयोगाचे कार्यालय वांद्रे (पूर्व) येथे आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही.

विक्रेत्याची कर्तव्ये

जुलै २०२० मध्येच ई-वाणिज्य नियम लागू झाले. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. वस्तू सांगितलेल्या मुदतीनंतर आली, तर ती परत घेण्यास व मूल्य परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. दैवी आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणाने झालेला विलंब तेवढा यास अपवाद आहे.

पुराव्याचे महत्त्व

कंपनीच्या नोंदीत वस्तू ‘पोहोचली’ असे दाखविले जाते, तेव्हा वाद पुराव्यावर येऊन ठेपतो. म्हणून मागणीचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद, कबूल केलेली तारीख व तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. वस्तू हाती पडण्यापूर्वी मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणासही सांगू नये. गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वारावरील नोंदवहीत त्या दिवशी कोणी आल्याची नोंद नसेल, तर तीही उपयोगी पडू शकते.

प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर कळवावे आणि तरीही निकाल न लागल्यास आयोगाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. विक्रेताच बनावट असल्याचा संशय आल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळविणे इष्ट होय.

या तरतुदी उपनगराइतक्याच राज्यातील प्रत्येक गावालाही लागू आहेत. खेड्यापाड्यांतही आता अशी खरेदी होते. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती सांगितली, तर रक्कम लहान म्हणून हक्क सोडून देण्याची सवय मोडण्यास निश्चितच साहाय्य होईल.