पाठीचे दुखणे : त्याची ओळख व निगा

दसरा झाला की खानदेशात कापसाची बोंडे फुटू लागतात, आणि तापी, गिरणा व पांझरा ह्या नद्यांच्या काठच्या गावांतून आपल्या भगिनी सकाळीच कमरेला ओटी बांधून शेताची वाट धरतात. दिवस मावळेपर्यंत वाकून वेचणी करावी, आणि घरी आल्यावर पाणी, सरपण व चूल ह्यांच्यापुढे पुन्हा वाकावे, असा त्यांचा क्रम असतो. तिकडे रावेर, यावल व चोपडा ह्या तालुक्यांत पुरुष केळीचे जड घड खांद्यावर घेऊन बागेच्या ओल्या मातीतून गाडीपर्यंत नेतात. मग एके दिवशी ओझे उचलताना कमरेत कळ येते व माणूस जागच्या जागी वाकडा होतो. ह्यास आपण उसण भरली असे म्हणतो.

उसण भरली म्हणजे गावात पहिली हाक जाते ती पायाळू माणसाला. जो पायांकडून जन्मला त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज महाराष्ट्रात फार जुना आहे. कोणी हाडवैद्याकडे जातात. अलीकडे शहरांत व मोबाइलवरील चित्रांत कायरोप्रॅक्टर नावाचे उपचारकही दिसू लागले आहेत. ते पाठीस झटका देऊन सांधे वाजवितात. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशक बंधूंना लोक विचारतात की, ह्यांपैकी कोणाकडे जावे? प्रस्तुत पाठात ह्या प्रश्नाचा विचार करू. त्यासाठी पाठ कशी बनली आहे, ती का दुखते, आणि कोणत्या दुखण्याची उपेक्षा करू नये, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

१. पाठीची रचना

मोठ्या माणसाच्या कण्यात २६ हाडे असतात : मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, आणि त्यांखाली त्रिकास्थी व माकडहाड. मणक्यामणक्यांमध्ये कूर्चेच्या गाद्या आहेत. त्यांच्यामुळे धक्के सोसले जातात व पाठ वाकते. कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो, आणि बाजूंनी मज्जातंतू निघून हातापायांस जातात. हे सर्व बळकट बंधनांनी व स्नायूंनी असे आवळलेले आहे की, वाकल्याने किंवा शिंकल्याने मणका जागेवरून निसटत नाही. “माझे हाड सरकले” असे आपण म्हणतो, परंतु साध्या उसणीत हाड सरकलेले नसते. स्नायू, बंधने, सांधे किंवा गादी ह्यांपैकी कशास तरी ताण बसतो, आणि भोवतालचे स्नायू आखडून धरतात. त्या आखडण्यानेच पाठ वाकडी दिसते.

“मणक्यात गॅप आली” हे वाक्यही पुष्कळांच्या तोंडी असते, व ते ऐकून माणूस आपणांस कायमचा पंगू समजू लागतो. पाठ मुळीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली विद्वानांनी पाहिले, तेव्हा विशीतल्या १०० पैकी ३७ जणांच्या, आणि ऐंशीच्या वयाच्या १०० पैकी ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणून केस पिकणे हा जसा रोग नव्हे, तशीच गादीची झीजही पुष्कळदा केवळ वयाची खूण असते.

२. उसण आपोआप का उतरते

पाठ दुखणारा मनुष्य जगात एकटा नाही. २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांस कंबरदुखी होती असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ह्यांतील बहुतेकांच्या दुखण्यास एक निश्चित रोग कारण नसतो, आणि नवे दुखणे बहुधा काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत ओसरते. ताणलेला भाग शरीर स्वतःच सांधून घेते.

आता पायाळूच्या पायाचे यश पाहा. दुखणे अगदी असह्य झाले त्या दिवशी त्यास बोलाविले. चौथ्या दिवशी बरे वाटले. आणि यश त्यास मिळाले. त्यास न बोलाविता चार दिवस गेले असते तरी बहुधा तेच झाले असते. जो उपाय शेवटी केला त्यास काळाचे श्रेय मिळते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ भ्रम दूर होतात. आणि हा नियम पायाळूस जसा लागू तसा मलमास, सुईस व शहरातल्या महाग उपचारासही लागू आहे.

मग काय, अंथरुणावर पडून राहावे? तसेही नव्हे. १९९५ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरात उसण भरलेल्या कामगारांचे तीन गट केले. एकास दोन दिवस निजवून ठेवले, दुसऱ्यास व्यायाम दिला, आणि तिसऱ्यास सोसेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला व निजून राहिलेला सर्वांत उशिरा. ह्यावरून, कळ तीव्र असता जड ओझे टाळावे, गरम पाण्याचा शेक घ्यावा, परंतु उठावे, फिरावे व हलके काम करावे, हाच उत्तम मार्ग होय.

३. हाताच्या उपचाराची योग्यता

कायरोप्रॅक्टिक ही विद्या अमेरिकेतील डेव्हनपोर्ट शहरी डॅनियल डेव्हिड पामर ह्याने १८९५ साली सुरू केली. हार्वी लिलार्ड नावाच्या एका बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला असता त्यास ऐकू येऊ लागले, असे पामर सांगे. हात व कृती अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव बनविण्यास सॅम्युएल वीड नावाच्या एका पाळकाने त्यास साहाय्य केले. पामरचे म्हणणे असे की, १०० पैकी ९५ रोग मणके सरकल्याने होतात. हे म्हणणे पुढील शोधांत टिकले नाही. बहिरेपणा, मधुमेह किंवा दमा मणका दाबून बरा होत नाही. झटका देताना जो कट असा आवाज होतो तोही हाड बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी उत्पन्न होते, तिचा तो आवाज होय.

तथापि, खोटे ते टाकताना खरे तेही टाकू नये. जुन्या कंबरदुखीत कुशल हाताने केलेल्या ह्या उपचाराने काही लोकांस आराम पडतो. तो आराम व्यायामाने मिळणाऱ्या आरामाइतकाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात रोग्यास नीट समजावून सांगणे व व्यायाम ह्यांबरोबर मालीश व कण्यावरील हस्तोपचार ह्यांनाही जागा दिली आहे. उलट कमरेचा पट्टा बांधणे व वजने लावून कंबर ओढणे हे उपाय नेहमीसाठी वापरू नयेत असे सांगितले आहे.

परंतु हात कोणाचा हे पाहिले पाहिजे. कायरोप्रॅक्टिक नव्याने शिकणाऱ्यास निदान ४२०० तासांचे शिक्षण असावे असे त्याच संघटनेने २००५ साली ठरविले. आपल्या देशात ह्या धंद्यावर देखरेख करणारी कायद्याने स्थापलेली स्वतंत्र परिषद नाही. म्हणून पाटी पाहून विश्वास ठेवू नये. मानेस झटका दिल्याने क्वचित मानेतील रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. म्हणून न्हाव्याकडूनसुद्धा मान मोडून घेऊ नये. आणि कोणताही हात पाठीस लावण्यापूर्वी, हे दुखणे साधे आहे की नाही, हे ठरले पाहिजे. ह्याचे कारण पुढे देतो.

४. ज्या दुखण्यास थांबू नये

दोन मजूर आहेत असे समजू या. दोघांचीही कंबर दुखते व दोघेही हाडवैद्याकडे जातात. पहिल्याचे दुखणे गोणी उचलताना एकाएकी सुरू झाले. निजल्यावर त्यास बरे वाटते. तो आठवड्यात कामास लागतो. दुसऱ्याचे दुखणे हळूहळू आले आहे. ते रात्री वाढते. संध्याकाळी अंग कढते. अन्न गोड लागत नाही व सदरा सैल होत चालला आहे. पहिल्यास गुण आला म्हणून दुसराही त्याच हाताखाली पुन्हा पुन्हा पाठ देतो. परंतु त्याच्या मणक्यात क्षयरोग शिरला आहे. पोखरलेल्या मणक्यावर दाब पडला तर तो खचतो, कुबड येते, मज्जारज्जू दाबला जातो व पाय लुळे पडतात.

क्षय केवळ फुप्फुसांचा असतो असे नाही. मणक्याच्या ह्या रोगाचे वर्णन पर्सिव्हल पॉट नामक इंग्रज शस्त्रवैद्याने १७७९ सालीच केले होते, व आपल्या देशात तो आजही पुष्कळ आढळतो. ह्यास औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. ते वर्षभर किंवा अधिक काळ न चुकता घ्यावे लागते. वेळेवर आलेला रोगी बहुधा आपल्या पायांनी चालत राहतो. येथे विलंबाची किंमत मोठी आहे.

म्हणून पुढील खुणा उपदेशकांनी पाठ कराव्या :

(अ) पाठदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे.
(आ) रात्री वाढणारे, निजूनही न थांबणारे दुखणे.
(इ) पायांतील शक्ती कमी होणे, किंवा लघवी अडणे, नकळत होणे, अथवा मांड्यांमधील भाग बधिर होणे. असे झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे; एक रात्रही दवडू नये.
(ई) झाडावरून, विहिरीत किंवा गाडीवरून पडल्यानंतरचे दुखणे. वृद्ध स्त्रियांत लहानशा घसरण्यानेही मणका मोडतो.
(उ) पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाचे नवे दुखणे.
(ऊ) सहा आठवड्यांत कमी न होणारे दुखणे.

अशा रोग्यास कोणाचा पायही लावू नये व हातही लावू नये. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, व जळगावासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे अस्थिरोगाचे वैद्य भेटतात. दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनेच्या महिने काढणे हेही घातक आहे. त्यांनी जठरास व्रण पडतो व मूत्रपिंडे बिघडतात.

५. रोजची निगा

ओझे अंगाशी धरावे. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढ घेतात. १० किलोंचे ओझे हात लांब करून ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर त्या स्नायूंस दहापट, म्हणजे १०० किलोंची ओढ घ्यावी लागते. तेच पोटाशी २० सेंटिमीटरवर धरले तर ४० किलोंची. वाकलेल्या धडाचा भार आणखी वेगळा. म्हणून ओझ्याजवळ जावे, गुडघे वाकवावे, ओझे अंगाशी घ्यावे, व वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले टाकून वळावे.

हंडा डोक्यावर असता तो कण्याच्या रेषेत असतो. जमिनीवरून उचलण्याचा व उतरविण्याचा क्षण अधिक धोक्याचा. शेजारणीस “जरा हात लाव” म्हणण्यास लाजू नये.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाई कंबर सरळ करण्यासही थांबत नाही. तिने एवढे तरी करावे : ओटी अर्धी भरताच रिती करावी, व प्रत्येक ओळीच्या शेवटी उभे राहून, कमरेवर हात ठेवून, पाच वेळा मागे झुकावे. ह्यास एक मिनिटही लागत नाही. निंदणीस शक्य तेथे उभ्याने चालविण्याचे सायकल कोळपे घ्यावे, व अंगणास लांब दांड्याचा झाडू.

रोज चालावे. ऑस्ट्रेलियात केलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कंबरदुखीतून उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यास शिकविले. त्यांचे दुखणे परत येण्यास मध्यम मानाने २०८ दिवस लागले. न शिकविलेल्यांचे ११२ दिवसांत आले. शाळामास्तर, दुकानदार व दिवसभर मोटरसायकलवर फिरणारे बंधू ह्यांस हा उपाय विशेष लागू आहे. त्यांनी दर अर्ध्या तासाने उठावे.

झोळीसारख्या सैल बाजेवर निजू नये. पण कठीण फरशीही आवश्यक नाही. विडी व तंबाखू सोडावी. धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते.

ज्यांच्या हाताखाली मजूर आहेत त्या बंधूंसही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहण्याच्या ओझ्याची सीमा ५५ किलो असावी, व स्त्रिया आणि तरुण ह्यांची त्याहून पुष्कळ कमी असावी, अशी शिफारस केली. रोजावर पोट असलेला मजूर आपले ओझे स्वतः हलके करू शकत नाही. ते हलके करणे मालकाच्या हाती आहे. मोठी गोणी दोन भागांत भरल्याने मालकाचे फार थोडे जाते; मजुराची मात्र कंबर राहते.

सारांश, साध्या उसणीस काळ व चालणे हेच मुख्य औषध आहे. चांगला हात त्यास मदत करतो. आणि धोक्याची खूण दिसली तर कोणत्याही हाताची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न

१. साध्या उसणीत हाड सरकते काय? मग पाठ वाकडी का दिसते?
२. पायाळूस यश का मिळते?
३. हेलसिंकीच्या तीन गटांपैकी कोणता लवकर बरा झाला?
४. दोन मजुरांची दुखणी कशी ओळखावी?
५. कोणती खूण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे?
६. आपल्या गावात सहा आठवड्यांहून अधिक काळ पाठ दुखत असलेला कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन ताप व वजन ह्यांविषयी विचारा.