जुनी फियाट घरी उभी करताय? आधी पत्रा उघडा, मग भाव सांगा



मागच्या व्हिडिओत "न दिसणाऱ्या कामाचा भाव कसा सांगायचा" हा विषय घेतला होता. त्यात जुन्या फियाटच्या बॉडीचं उदाहरण दिलं आणि तिथंच वेळ संपला. तेव्हापासून दुकानात दोन प्रकारचे लोक यायलेत. एक म्हणजे ज्यांच्या अंगणात वडिलांची गाडी उभी आहे आणि ज्यांना ती घरीच करायची आहे. दुसरे आपले नांदेड-लातूरचे डेंटिंग-पेंटिंगवाले, ज्यांना असं काम घ्यावं का नाही तेच कळत नाही. आजचा धडा दोघांसाठी आहे.

आधी माझी चूक

माझं ऑटो कलरचं दुकान आहे. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी लातूरचे एक काका प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. मुलीच्या लग्नात वरातीला तीच गाडी काढायची, असं त्यांच्या मनात होतं. "पत्रा चांगलाय हो, नुसता रंग मारायचाय," म्हणाले. मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तोंडी ५५ हजार सांगून टाकले. ओळखीचा डेंटर घेतला. लांबी भरली, रंग मारला. लग्नात गाडी आरशासारखी चमकली.

पहिला पावसाळा गेला आणि दाराखाली फोड आले. टायर बदलायला जॅक लावला, तर तो पत्र्यातून वर घुसला. काका भांडले नाहीत. "तुला माहीत नव्हतं, तर तसं सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले.

ते काम मी पदरच्या पैशाने परत केलं. पण पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. खाली सांगतोय ती पद्धत त्यातूनच आली.

ही गाडी सडते कुठं आणि का?

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. त्याच्याही आधीची गोल फियाट आपल्याकडं "डुक्कर फियाट" म्हणून ओळखतात.

या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. दाराखालचा जो पोकळ भाग असतो, ज्याला सिल म्हणतात, तो गाडीचा कणा आहे. तो सडला म्हणजे नुसती शोभा गेली नाही, ताकद गेली.

काही जण विचारतात, "सर, जुनी स्पोर्ट्स कार असेल तर?" नियम तोच, फक्त आधी बांधणी ओळखा. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड घ्या. तिला वेगळी चॅसी होती आणि पत्र्याचे बरेच भाग बोल्टवर बसवलेले होते. त्याच हेराल्डच्या चॅसीवरून ट्रायम्फने इंग्लंडमध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. तिथं बोल्ट खोलून पत्रा काढता येतो. फियाटमध्ये मात्र कापावं लागतं. म्हणून तिथं घाई केली की गाडी वाकते.

टप्पा १ : उघडणी

रंगाचा विचार करायच्या आधी या पाच जागा बघा:

१. मॅटखालचा फ्लोअर.
२. दोन्ही बाजूंच्या सिल.
३. दारांचा खालचा काठ. तिथली पाणी जायची भोकं मातीने बुजली, की दार आतून सडतं.
४. डिकीत स्टेपनीखालची जागा आणि बॅटरीचा ट्रे.
५. हेडलाइटभोवतीचा पत्रा आणि काचेच्या रबराखालची कड.

लोहचुंबक पातळ कपड्यात गुंडाळून फिरवा. जिथं तो धरत नाही, तिथं रंगाखाली जाड लांबी आहे. मग जाड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आवाज "टण" आला तर पत्रा आहे, "खस" आला तर गंज आहे. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढा. हे फोटो म्हणजेच तुमचं एस्टिमेट.

टप्पा २ : पत्रा

वेल्डिंगच्या आधी पेट्रोल टाकी काढून लांब ठेवा. "टाकी रिकामी आहे" म्हणून तिच्यावर वेल्डिंग करू नका, रिकाम्या टाकीतली वाफच भडका घेते. बॅटरी सोडा. वाळूची बादली जवळ असू द्या.

सिल कापण्याआधी गाडी सपाट जागेवर, चारही बाजूंनी सारखा आधार देऊन ठेवा. दाराच्या चौकटीत आतून लोखंडी पाइपचा आडवा टेका वेल्ड करा. दाराची फट मोजून वहीत लिहा. एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर नंतर दार लागत नाही, आणि मग ते कुणाच्या बापालाही लावता येत नाही.

पॅचसाठी २० गेजची सीआरसी शीट घ्या, म्हणजे साधारण ०.९ मिलीमीटर. सीओटू वेल्डिंगने एका ओळीत सलग शिवण मारू नका. इंच-दीड इंचावर टाके घ्या, एक इथं, एक तिथं. एकाच जागी उष्णता साठली की पत्रा फुगतो. आणि चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापा. सडक्या काठाला पॅच जोडणं म्हणजे फाटक्या गोणीला नवीन ठिगळ. पहिल्या ओझ्याला शेजारून फाटतं.

टप्पा ३ : प्रायमर, लांबी, रंग

गंज घासून काढला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. लांबी प्रायमरवर भरा आणि ती दोन-तीन मिलीमीटरच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून जास्त लागत असेल, तर हातोडी-डॉलीचं काम बाकी आहे असं समजा. लांबी कोरडीच घासा, कारण ती पाणी शोषते आणि तेच पाणी पुढे फोड होऊन वर येतं. पॉलिश पेपर ८० पासून सुरू करून १८०, ३२० असा बारीक करत जा. पाणी लावून घासणं सरफेसर मारल्यावर, ६००-८०० नंबरने.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासताना लहान मुलं लांब ठेवा, मास्क लावा, धूळ झाडू नका, ओल्या कपड्याने पुसा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यात माझ्या दुकानाची विक्री कमी झाली तरी चालेल. शेवटचा टू-के पीयू रंग घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतं, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाचा तिथं काही उपयोग नाही. सरफेसरपर्यंत घरी करा, शेवटचा हात बूथवाल्याकडून मारून घ्या.

हवामानही बघा. पावसाळ्यात दमटपणामुळे रंगावर पांढुरकी झाक येते. मे महिन्यात थिनर हवेतच उडतं आणि रंग खरखरीत बसतो. आपल्याकडं या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला.

सगळं झाल्यावर सिलच्या आत वॅक्स फवारायला विसरू नका. गंज आतूनच सुरू झाला होता.

आता हिशोब

तीन टप्पे, तीन वेगळे भाव. उघडणीचा भाव आधी आणि ठरलेला. समजा डेंटरचा रोज १,००० आणि हेल्परचा ६००. तीन दिवसांचे झाले ४,८००. पेपर, ब्रश, बाकी सामान १,२००. खर्च ६,०००. त्यावर २५ टक्के धरले की ७,५००. गिऱ्हाइकाला सांगा, "काका, ७,५०० मध्ये गाडी उघडून दाखवतो. फोटो बघा, मग पुढचं ठरवू. नाही करायचं म्हणालात तर इथंच थांबू."

दुसरा टप्पा पॅचच्या संख्येवर, फोटो समोर ठेवून. तिसरा टप्पा रंगाचा, तो आधीच लिहून देता येतो. घरी स्वतः करणाऱ्यांनीही स्वतःसाठी हेच बजेट मांडावं. नाहीतर रंगाचे पैसे पत्र्यात जातात आणि गाडी प्रायमरमध्येच वर्षानुवर्षं उभी राहते.

कागद विसरू नका

२०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून "व्हीए" मालिकेचा नंबर मिळू शकतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणून पॅच मूळ आकाराचाच ठेवा आणि कामाआधीचे फोटो जपा. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा कुठलाही असो, बोअरची मोटर दुरुस्ती असो की जुन्या घराचं प्लंबिंग, एक काम निवडा. त्यात "दिसतं ते" आणि "उघडल्याशिवाय दिसत नाही ते" अशा दोन याद्या करा. दुसऱ्या यादीचा भाव तोंडी सांगायचा नाही. "उघडून सांगतो" म्हणायला लाज वाटू देऊ नका.

त्या काकांची पद्मिनी आजही लातुरात चालते. दर दिवाळीआधी ते गाडी दाखवायला आणतात, आणि मी सगळ्यात आधी खाली वाकून सिल बघतो.