पोहणाऱ्या मुलांची कानदुखी

पूर्णा, कयाधू व पैनगंगा या हिंगोली जिल्ह्यातील प्रमुख नद्या होत. सिद्धेश्वर धरण, यवतमाळच्या सीमेवरील इसापूर जलाशय, वसमत भागातून जाणारे कालवे आणि गावोगावच्या विहिरी येथे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची गर्दी होते. पोहणे हा उत्तम व्यायाम आहे. त्यापासून मुलांना परावृत्त करण्याचे कारण नाही. मात्र त्यातून उद्भवणाऱ्या एका कानदुखीवर घरगुती उपचारच अधिक होतात व त्यामुळे दुखणे वाढते.

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब व किंचित वाकडी असते. तिच्यातील मळ ही घाण नव्हे. तो मेणासारखा व आम्लधर्मी असल्यामुळे पाणी व जंतू यांना अटकाव करतो. तासन् तास पाण्यात राहिल्याने हे आवरण धुऊन जाते, त्वचा भिजून फुगते आणि जंतूंना वाव मिळतो. दमट हवेत बुरशीही वाढते. अशा वेळी काडी, पिन वा कानकोरणे फिरविल्यास त्वचेला ओरखडा पडतो आणि रोगाला वाटच मिळते.

प्रथम खाज सुटते, मग ठणका लागतो, कान दडे बसल्यासारखा होतो, कधी पाणी वाहते. कानाची पाळी ओढल्यास किंवा छिद्रासमोरील उंचवटा दाबल्यास कळ येते, ही या विकाराची खूण शिक्षकांनाही ओळखता येण्याजोगी आहे. सर्दीनंतर पडद्यामागे पू होऊन जो ‘कान फुटतो’, त्यात बहुधा अशी कळ येत नाही. दोन्ही विकारांचे उपचार भिन्न आहेत. पडद्याला छिद्र असल्यास काही औषधांचे थेंब आतील कानास अपायकारक ठरतात. म्हणून शेजाऱ्याच्या घरातील उरलेली बाटली वापरू नये. लसूण घालून तापविलेले तेल तर कटाक्षाने टाळावे. त्याने भाजण्याचीही भीती असते.

वैद्यकीय अधिकारी कान तपासून साफ करतात आणि जंतू वा बुरशी यांनुसार थेंब देतात. रोग्याने कुशीवर निजावे, बाटली मुठीत धरून कोमट करावी, थेंब घातल्यावर काही मिनिटे तसेच पडून राहावे. दुखणे थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत व त्या काळात पोहणे बंद ठेवावे. स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात बाहेरच्या बाजूस ठेवावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. तथापि, ठणकणाऱ्या कानासाठी पथकाची वाट पाहणे योग्य नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ताप, कानामागे सूज किंवा चेहरा वाकडा होणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. मधुमेही प्रौढांच्या बाबतीत तर साधी कानदुखीही अंगावर काढू नये, कारण त्यांच्यात हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोहोचू शकतो.

पाण्याबाहेर आल्यावर मान एका बाजूस कलती करून कानाची पाळी हलकेच ओढल्यास अडकलेले पाणी निघून जाते. नंतर कोरड्या पंचाने कान बाहेरूनच टिपावा. मुले एका पायावर उड्या मारून पाणी काढतात, तेही ठीकच. फक्त विहिरीच्या काठापासून दूर. शेवाळलेल्या, जनावरे धुतल्या जाणाऱ्या पाण्यात पोहू नये. कोणत्या विहिरीत मुले उतरतात, हे ग्रामपंचायत सदस्यांना सहसा ठाऊक असते. तेथे सूचनेचा एक फलक लावणे पंचायतीस अवघड नाही.