युरोपची क्रूझ: हिशेब वर्धा ते वर्धा मांडा

'सात रात्री, भूमध्य समुद्र' या जाहिरातीतला मोठा आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघे राहणार असे धरलेला असतो. एकटे जाणार असाल तर बहुतेक कंपन्या जवळपास दोघांचे भाडे लावतात. विमान, व्हिसा, विमा त्यात सहसा नसतात. बंदराचे कर कधी धरलेले असतात, कधी नसतात. म्हणून एजंटाकडे एकच आकडा मागा: वर्ध्याहून निघून वर्ध्यात परत येईपर्यंत एकूण किती? तो कागदावर लिहून घ्या.

मार्ग निवडताना शहरांच्या नावांवर जाऊ नका, बंदराचे नाव विचारा. 'रोम' लिहिलेले असले तरी जहाज चिव्हितावेक्याला लागते. तिथून रोम साधारण वर्ध्याहून नागपूर आहे तितके लांब. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, पुढे सुमारे ९० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, एका बाजूचे दोन तासांहून जास्त. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंड, रेल्वेने जवळपास तीन तास. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे काही जहाजे राव्हेन्नाला थांबतात आणि पुढे बसचे अडीच-तीन तास जातात. नेपल्स, पालेर्मो, माल्टाचे व्हॅलेटा इथे मात्र जहाजातून उतरलात की थोड्याच वेळात गावात असता. आई-वडील सोबत असतील तर अशी बंदरे जास्त असलेला मार्ग घ्या, भाडे थोडे जास्त पडले तरी. सँटोरिनीला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीने किनारा गाठायचा, मग केबल कारची रांग किंवा ५८८ पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावे. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर ऐन हंगामात माणशी २० युरो शुल्क लावले आहे. ते भाड्यात धरले आहे का, विचारा.

पासपोर्ट नसेल तर तिथून सुरुवात करा: ३६ पानी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही चार-पाच महिने आधीच करा, कारण क्रूझचे पूर्ण पैसे साधारण दोन-तीन महिने आधी भरावे लागतात आणि व्हिसा नाकारला गेला तर ते परत मिळतीलच असे नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावे लागेल असे धरून त्या फेरीचा खर्चही मांडा. मार्गात तुर्कस्तानसारखा शेंगेनबाहेरचा देश असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसाच मागा. जहाज बाहेर जाऊन परत शेंगेनमध्ये येते. त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

कागदपत्रे: बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे, क्रूझचे आणि विमानाचे आरक्षण, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. नोकरदारांनी रजामंजुरीचे पत्र, निवृत्तांनी पेन्शनचा आदेश जोडावा. शेतकऱ्यांची विवरणपत्रात उत्पन्न कमी दिसल्याने अडचण होते. त्यांनी सातबारा, आठ-अ आणि बाजार समितीतल्या कापूस-सोयाबीन विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह लावाव्यात. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, संशय येतो.

आता लपलेले खर्च. सेवकांची बक्षिसी बहुतेक जहाजांवर दर माणशी, दर रात्री आपोआप लागते. साधारण १० ते २० युरो. चौघांचे कुटुंब, सात रात्री, १५ युरोंनी धरा: ४२० युरो. बाटलीबंद पाणी, वायफाय, काही उपाहारगृहे वेगळी. शाकाहारी किंवा जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच नोंदवा. भारतातून पॅकेज घेतल्यास जीएसटी लागतो आणि टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) घेतला जातो. टीसीएस हा खर्च नाही. विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. बिलावर तो वेगळ्या ओळीत दाखवायला लावा.

किनाऱ्यावरच्या सहलींचा माझा नियम सरळ आहे. लांबची शहरे कंपनीच्या बसने, जवळची स्वतःहून. कंपनीची सहल महाग, पण तिला उशीर झाला तर कंपनी जबाबदारी घेते. तुम्ही स्वतः गेलात तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. चिव्हितावेक्याहून रोमला साधी लोकल एका बाजूने साधारण ५ युरोंत नेते, पण इटलीत रेल्वे संप होतात, म्हणून आदल्या रात्री तपासा. कोलोसियमची तिकिटे घरूनच काढा. जहाजावर परतायची वेळ निघण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. तुम्ही त्याहून दीड तास आधी बंदरावर या.

मुंबईहून विमान असेल तर सेवाग्राम किंवा विदर्भ एक्सप्रेसने किमान एक दिवस आधी पोहोचा. युरोपातही क्रूझच्या आदल्या दिवशीच उतरा. हॉटेलची एक रात्र वाढेल, पण विमान रखडले म्हणून जहाज चुकले तर पुढचे बंदर स्वतःच्या पैशांनी गाठावे लागते.

खाली उतरताना जहाजाचे कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला बंदरातल्या एजंटाचा नंबर खिशात ठेवा. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो आणि दोन्हींत कधी कधी एक तासाचा फरक पडतो.