नाताळच्या भेटी आणि जानेवारीचं बिल

प्रश्न : आम्ही वसईत राहतो. नाताळात भाचरं, दीर-जावा, मित्रमंडळी धरून वीसेक भेटी होतात. जानेवारीत क्रेडिट कार्डाचं बिल भरताना नाकी नऊ येतात. काय करावं?

उत्तर : ताई, आधी घरच्यांशी मोकळेपणानं बोला. मोठ्यांनी आपसात चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याचं नाव निघेल त्याला एकच भेट, ५०० रुपयांच्या आत. मुलांना मात्र यातून वगळा, त्यांचा हट्ट पुरवायलाच हवा. मित्र-शेजाऱ्यांना घरच्या नेवऱ्या, कुलकुल द्या.

‘नो कॉस्ट ईएमआय’ला भुलू नका. व्याजाइतकी सूट मिळाली तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, बऱ्याच बँका प्रक्रिया शुल्कही घेतात. त्याहून वाईट म्हणजे बिलाची फक्त किमान रक्कम भरणं. उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जातं. खेळण्यांसाठी एवढं व्याज भरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बँकेत दरमहा ५०० रुपयांची, १२ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. पुढच्या नाताळाआधी ६,००० रुपये आणि वर व्याज हाती येईल. जानेवारीत सुरू केलीत, तर पैसे सण उलटल्यावर मिळतील.