आराखड्यावर मत देण्याआधी टेप घेऊन रस्त्यावर जा

पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी शहराचा आराखडा येतो, तेव्हा त्याला उघड विरोध सहसा कोणी करत नाही. मला आता भीती वाटते ती सरसकट होकाराची. ‘छान आहे, लवकर करा’ असे सगळे म्हणतात. पण सायकल मार्गाला जागा कुठून काढणार, कोणाची कमी होणार, हे विचारायचे राहूनच जाते. पुण्याच्या एका उपनगरात आमच्या रस्त्यावर हेच घडले. तुमच्या भागात असे काम यायचे असेल, तर त्याआधी हे वाचावे म्हणून लिहिते आहे.

पुण्यात कागदांची कमतरता कधीच नव्हती. रस्त्यावर वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करा, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ सालीच सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली. २०१६ मध्ये पादचारी धोरण आले, डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास औंध आणि विद्यापीठाच्या परिसरात भाड्याच्या सायकली आल्या, लोकांनी हौसेने चालवल्या आणि काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ मात्र लोकांनी आपलेसे केले. संध्याकाळी तिथल्या बाकांवर बसलेली माणसे पाहिली की असे काम नीट होऊ शकते, याची खात्री पटते.

आमच्या रस्त्याच्या आराखड्यावरची सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली होती. ज्येष्ठ नागरिक आले, काही दुकानदार आले आणि रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगड गाठणारी तरुण मंडळी आली. सगळ्यांनी सायकल मार्ग मागितला. कोपऱ्यात बसलेल्या एका दुकानदाराने गाड्या कुठे लावायच्या, एवढेच विचारले. त्याला बाकीच्यांनी गप्प केले. रोज सकाळी या रस्त्यावरून सायकलने जाणारी माणसे त्या सभागृहात नव्हतीच. सोसायट्यांचे वॉचमन, पेपर टाकणारी मुले, इस्त्रीवाला, पाच घरच्या पोळ्या करणाऱ्या मावशी, सगळे त्या वेळी कामावर होते.

पुढे काम झाले. लाल पेव्हर ब्लॉक बसले, सायकलचे चित्र रंगवले गेले. पण मार्गासाठी डांबरी रस्त्याची एक वीतही घेतली गेली नाही. होता तोच पदपथ मध्ये पट्टा मारून दोघांत वाटला. दर फाटकापाशी उतार, मग चढ. मध्ये विजेचा डीपी, पुढे बसथांबा, त्यापुढे एक जुना वड. आमच्या वॉचमनकाकांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, दर चार पावलांवर उतरायचं तर सायकल कशाला घेऊ?” ते आजही रस्त्याच्या कडेने, बसच्या चाकाजवळून सायकल चालवतात. मोकळा पडलेला लाल पट्टा आधी दुचाकींनी भरला, नंतर त्यावर टपऱ्या आल्या. शेजारचे आजोबा वॉकर घेऊन फिरायचे, त्यांना उरलेल्या पट्टीत वळताही येईना. त्यांनी फिरणे सोडले. सायकलवाल्यांना मार्ग मिळाला नाही आणि चालणाऱ्यांचा होता तोही गेला. हे मला फार लागले आहे.

म्हणून पहिली गोष्ट: आराखड्यात सायकल मार्ग दिसला की त्याचा रंग पाहू नका, जागा पाहा. तो पदपथातून कापलेला असेल तर सरळ हरकत लिहा. तुम्ही सायकलप्रेमी असाल तर आधी लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ही १.८ मीटर म्हणजे झाड, खांब, डीपी, पायऱ्या सगळे वगळून उरलेली जागा. टेप घ्या, दोघे जण जा आणि मोजा. मग कोणत्या खांबापासून कोणत्या फाटकापर्यंत किती रुंदी उरते, अडथळा कशाचा आहे आणि तो कुठे हलवता येईल, हे लिहा. आम्ही पहिल्या खेपेला ‘पदपथ चांगले करावेत’ असे सह्यांचे निवेदन दिले होते. त्यावर ‘नोंद घेतली’ असे उत्तर आले. नंतर शाळेसमोरच्या डीपीचे माप आणि फोटो दिले, तेव्हा अभियंता स्वतः पाहायला आला आणि डीपी हलला.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. सभेला येऊ न शकणाऱ्यांचे म्हणणे तुम्ही गोळा करा. सकाळी फाटकापाशी उभे राहा. कुठून येता, कुठे अडचण होते, कुठे भीती वाटते, एवढे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मावशींनी आम्हाला सांगितले, की अंधारात त्या पदपथावरून जातच नाहीत, कारण झाडांमुळे दिव्याचा उजेड खाली पोचत नाही. हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते.

दुकानदार आणि पथारीवाले यांना शत्रू ठरवू नका. सभेत त्यांना गप्प केले की ते दुसऱ्या दिवशी नगरसेवकाकडे जातात आणि काम अर्ध्यावर थांबते. आधी त्यांच्या दुकानात जाऊन बसा, माल उतरवायची वेळ विचारा. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार नेमलेल्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधले असतात. त्यांची जागा नकाशातच आखून घ्या, म्हणजे ती पदपथावर येणार नाही. ग्राहक तुटेल या भीतीवर वाद घालण्यापेक्षा प्रयोग मागा. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, गाड्या बंद ठेवून. तसेच तुमच्या रस्त्यावर काही दिवस शंकू लावून पाहा आणि मगच फरशी बसवा.

मंजुरीनंतरही घरी बसू नका. निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माहिती अधिकारात मंजूर नकाशा, पूर्वगणनपत्रक आणि कार्यादेश मागवा. त्याच कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा हक्कही तुम्हाला आहे. कार्यादेशात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत उखडलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचे असतात. तारीख उलटली की खर्च आपल्या करातून होतो. पत्रात एक ओळ आवर्जून घाला: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क असल्याचे म्हटले आहे.

तुमच्या रस्त्याची सभा दुपारची ठेवली असेल, तर ती रविवारी सकाळी घ्यावी असे पत्र आजच द्या. आणि जाताना आपल्या सोसायटीच्या वॉचमनला सोबत न्या, त्याला पहिल्या रांगेत बसवा आणि आधी त्याला बोलू द्या.